क्लबफूट घेऊन जन्मलेल्या बाळाचा सर्वांगीण विकास: प्लास्टरच्या दिवसांपासून शाळेपर्यंत

क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत आणि खाली वळलेले पाऊल. साधारणपणे दर हजार बाळांमागे एक ते दोन बाळांमध्ये ते आढळते, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते आणि जवळपास निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात. उपचार लवकर सुरू झाला आणि नेमाने पुढे चालला, तर बहुतेक पावले मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतात. पालकांना ही माहिती बहुधा पहिल्याच भेटीत मिळते आणि तिथून पुढे घरातले सगळे बोलणे पावलाभोवती फिरू लागते. किती प्लास्टर झाली, टाच खाली आली का, ब्रेस (पाऊल सरळ ठेवणारे, दांडीला जोडलेले बूट) रात्रभर राहिला का, एवढेच विचारले जाते. यात गैर काही नाही. पण उपचाराची ही चार-पाच वर्षे म्हणजेच मान धरणे, पालथे पडणे, रांगणे, पहिला शब्द, पहिले पाऊल, पहिला मित्र यांचीही वर्षे असतात, आणि ती पाऊल सरळ होईपर्यंत थांबून राहत नाहीत.

उपचार सांभाळायचा की बाळाला मोकळे खेळू द्यायचे, अशी निवड करावी लागेल असे अनेक घरांत मानले जाते. तशी निवड करण्याची गरज नसते. ब्रेस काढून ठेवल्याने विकास लवकर होत नाही, उलट पाऊल पुन्हा वळण्याची शक्यता वाढते. आणि ब्रेस आहे म्हणून बाळाला पाळण्यात पाठीवर झोपवून ठेवल्याने पाऊल अधिक सरळ होत नाही. उपचाराच्या प्रत्येक टप्प्यात बाळाच्या हालचालीला, स्पर्शाला, बोलण्याला आणि भावनांना जागा कशी करून द्यायची, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

उपचाराचा क्रम आधी नीट समजून घ्यावा

आज जगभर वापरली जाणारी पॉन्सेटी पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केली. या पद्धतीत पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवून दर आठवड्याला बोटांपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, गुडघा वाकवलेल्या स्थितीत प्लास्टर घालतात. साधारण पाच ते सात प्लास्टरांत पाऊल बरेचसे सरळ होते. त्यानंतर बहुतेक बाळांमध्ये टाचेमागची घट्ट कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, एका लहानशा छेदातून मोकळी करतात, या छोट्या शस्त्रक्रियेलाच टेनोटॉमी म्हणतात, आणि शेवटचे प्लास्टर सुमारे तीन आठवडे ठेवतात. मग ब्रेस सुरू होतो. दांडीला जोडलेले हे दोन बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास घालायचे असतात आणि पुढे चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत फक्त रात्री व दिवसाच्या झोपेत, म्हणजे साधारण 12 ते 14 तास घालायचे असतात.

या क्रमाकडे विकासाच्या दृष्टीने पाहिले, तर एक दिलासा देणारी गोष्ट लक्षात येते. उपचार जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाला, तर ज्या काळात पाय सर्वाधिक बांधलेले असतात, तो काळ बाळ पायांवर फारसे अवलंबून नसण्याचाच असतो. रांगण्याच्या आणि उभे राहण्याच्या वयात दिवसाचा जागेपणीचा वेळ बहुतेक मोकळा झालेला असतो. उपचार उशिरा सुरू झाल्यास हे वेळापत्रक पुढे सरकते. तेव्हा हालचालींचे टप्पेही थोडे पुढे जातील हे धरून चालावे आणि त्याची धास्ती घेऊ नये.

सुरुवातीलाच डॉक्टरांना एक प्रश्न स्पष्ट विचारावा: बाळाला फक्त क्लबफूट आहे, की त्यासोबत आणखी काही आहे? बहुतेक बाळे पाऊल सोडले तर पूर्ण निरोगी असतात. मात्र काहींमध्ये क्लबफूट हे स्पायना बायफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळणे), अनेक सांध्यांतील जन्मजात ताठरपणा किंवा एखाद्या आनुवंशिक स्थितीचा भाग असते. तसे असेल तर विकासाची गती, व्यायाम आणि तपासण्या सगळेच वेगळे ठरते, आणि त्यासाठी बालविकासतज्ज्ञांची मदत पहिल्या महिन्यांपासूनच घ्यावी लागते. पुढील मजकूर मुख्यतः केवळ क्लबफूट असलेल्या बाळांसाठी आहे.

आणखी एक गोष्ट आईला कुणीतरी ठामपणे सांगायला हवी, म्हणून येथे सांगतो. गरोदरपणात तिने काय खाल्ले, कशी बसली, काय उचलले यामुळे हे झालेले नाही. अपराधीपणाचे ओझे घेऊन बाळाशी खेळता येत नाही. ते ओझे जितक्या लवकर उतरेल तितके बाळासाठी चांगले.

प्लास्टरचे आठवडे: पाय बांधलेले, बाळ मोकळे

आधी सुरक्षिततेबद्दल. प्लास्टर घातल्यावर पहिल्या दिवशी दर काही तासांनी आणि नंतर दिवसातून काही वेळा पायाची बोटे पाहावीत. बोट हलकेच दाबून सोडले की ते पांढरे पडून लगेच पुन्हा गुलाबी व्हायला हवे. काळ्यासावळ्या त्वचेवर हा बदल नखाखाली किंवा बोटाच्या तळाशी अधिक स्पष्ट दिसतो. बोटे निळसर, गार किंवा सुजलेली दिसली, प्लास्टरला दुर्गंधी आली, कडेची त्वचा लाल होऊन सोलवटली, किंवा काल दिसणारी बोटे आज प्लास्टरच्या आत गेली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे. बोटे आत जाणे म्हणजे प्लास्टर खाली सरकलेले असते आणि असे प्लास्टर पाऊल बिघडवू शकते. बाळाला पाठीवर ठेवताना पोटऱ्यांखाली मऊ घडी ठेवून टाचा अधांतरी राहतील असे पाहावे, म्हणजे टाचेवर दाब येत नाही.

आता खेळण्याबद्दल. प्लास्टर असलेल्या बाळाला उचलायला घरातली माणसे घाबरतात, आणि त्यामुळे बाळ तासन्तास एकाच जागी पडून राहते. हे टाळायला हवे. एक हात मानेखाली आणि दुसरा हात नितंबांपासून मांड्यांपर्यंत सरकवून दोन्ही प्लास्टरांचे वजन पेलले, की बाळाला निर्धास्तपणे उचलता येते. छातीशी उभे धरताना पाय लोंबकळू न देता हाताचा आधार द्यावा. दूध पाजताना प्लास्टर लागलेले पाय आईच्या पोटाला टोचत असतील, तर बाळाचे पाय आईच्या बगलेखालून मागे जातील असे धरून पाहावे किंवा दोघांनी कुशीवर झोपून पाजावे. आईला आराम वाटेल ती पद्धत योग्य. दूध पिण्याचा वेळ हा बाळाच्या ओळखीचा आणि जवळिकीचा वेळ आहे, तो अवघडलेला असू नये.

पोटावर खेळणे हा या टप्प्यातला सर्वांत मोलाचा व्यायाम आहे. झोपवताना बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावे. पण जागेपणी, कुणीतरी समोर असताना त्याला पोटावर ठेवावे. यातून मान, खांदे आणि पाठ बळकट होते, आणि पुढे बसणे व रांगणे यांचा पाया इथेच घातला जातो. प्लास्टरचे वजन खाली ओढत असल्याने बाळाला छाती उचलणे जड जाते. म्हणून एका लहान टॉवेलची गुंडाळी करून ती काखांच्या खाली, छातीच्या आडवी ठेवावी आणि बाळाचे दोन्ही हात तिच्या पुढे काढावेत. मोठ्या माणसाने समोर जमिनीवर पालथे पडून आपला चेहरा बाळाच्या नजरेच्या उंचीवर आणावा, बोलावे, थांबावे, बाळाने आवाज काढला की त्याला उत्तर द्यावे. सुरुवातीला एक-दोन मिनिटे पुरेशी असतात. दिवसातून अनेकदा केल्यास काही आठवड्यांत हा वेळ आपोआप वाढतो. तेही जमत नसेल, तर मोठ्या माणसाने मागे रेलून बसावे आणि बाळाला आपल्या छातीवर पालथे ठेवावे. बाळाच्या दृष्टीने हेही पोटावर खेळणेच आहे.

पायांना या काळात बाहेरचा स्पर्श मिळत नाही, पण बोटे उघडी असतात. मऊ कापड, पंख, ओलसर बोट, फुंकर असे निरनिराळे स्पर्श बोटांना द्यावेत. हात, पोट, पाठ, डोके यांना रोज हलक्या हाताने चोळावे. आंघोळ घालता येत नसली, तरी ओल्या मऊ कापडाने अंग पुसताना प्रत्येक अवयवाचे नाव घेता येते. लंगोट किंवा डायपर प्लास्टरच्या कडेबाहेर राहील असे बांधावे आणि वारंवार बदलावे.

एक गोष्ट बरेचदा निसटते. तान्ह्या बाळांच्या लसी बहुधा मांडीत देतात आणि प्लास्टर मांडीपर्यंत असते. म्हणून लसीकरणाची तारीख प्लास्टर घालणाऱ्या पथकाला, आणि प्लास्टरची गोष्ट लस देणाऱ्यांना आधीच सांगावी, म्हणजे दोन प्लास्टरांच्या मधल्या वेळी किंवा दुसऱ्या जागी लस देण्याची सोय करता येते. पावलासाठी लस लांबवू नये.

शेवटचे प्लास्टर निघाल्यावरचे काही दिवस

प्लास्टर निघाल्यावर पालकांना आनंद होतो आणि बाळ मात्र किरकिरते. कित्येक आठवडे झाकलेली त्वचा कोरडी, सालपटे निघणारी आणि स्पर्शाला फार हळवी झालेली असते; वजन अचानक गेल्याने पायही बाळाला परके वाटतात. शिवाय ब्रेस लगेच, त्याच दिवशी घालायचा असतो. या दोन-चार दिवसांत घाई न करता कोमट पाण्याची आंघोळ, तळहाताचा सलग, स्थिर दाब आणि भरपूर कडेवर घेणे एवढेच करावे. बोटांच्या टोकांनी केलेल्या गुदगुल्यांपेक्षा पूर्ण तळहाताचा दाब हळव्या त्वचेला सहज सोसतो. पाऊल सरळ करण्यासाठी ते स्वतःच्या मनाने पिळू किंवा ताणू नये. घोटा वर वाकवण्याचे व्यायाम करायचे असतील, तर ते उपचार करणाऱ्यांनी हातात हात घेऊन शिकवल्यानंतरच करावेत.

ब्रेसचे पहिले तीन महिने

संपूर्ण उपचारातला हा सर्वांत नाजूक टप्पा आहे, कारण आता पाऊल सरळ दिसत असते आणि ब्रेस अनावश्यक वाटू लागतो. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे ज्ञात कारण ब्रेस न घालणे किंवा अनियमित घालणे हेच आहे. त्यामुळे ब्रेस नीट घालता येणे हे कौशल्य आई, वडील आणि बाळाला सांभाळणारी इतर माणसे, सर्वांनी शिकून घ्यावे.

बूट घालण्याची रीत अशी आहे. बाळ भुकेले किंवा झोपाळलेले नसताना सुरुवात करावी. शिवण न टोचणारे, सुरकुत्या नसलेले सुती मोजे घालावेत. दोन्ही पावले वळलेली असतील, तर जे अधिक ताठ आहे त्याचा बूट आधी घालावा. बाळाचा गुडघा वाकवावा. गुडघा वाकला की पोटरीचा स्नायू सैल पडतो आणि टाच सहज खाली येते. पाऊल बुटात सरकवून टाच मागे आणि तळाला टेकली की अंगठ्याने घोट्यासमोरची पट्टी दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने मधला पट्टा आधी आवळावा. मग पोटरी धरून पाय किंचित वर-खाली हलवून पाहावा. बोटे बुटात पुढे-मागे सरकत असतील, तर टाच अजून वर आहे. पट्टा सोडून पुन्हा सुरुवात करावी. टाच नीट बसल्यावर बोटे जिथपर्यंत येतात, तिथे बुटाच्या आतल्या तळावर पेनाने रेघ मारून ठेवावी. पुढच्या वेळी बोटे त्या रेघेपाशी दिसली की काम बरोबर झाले आहे हे घरातल्या कोणालाही कळते. बाकीचे पट्टे त्यानंतर लावावेत. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी असावी. वाढ झपाट्याने होत असल्याने ती दर भेटीत तपासून घ्यावी. क्लबफूट असलेले पाऊल साधारण 60 ते 70 अंश बाहेर वळवलेले असते आणि एकच पाऊल वळलेले असल्यास निरोगी पाऊल 30 ते 40 अंशांत ठेवतात. हे कोन घरी बदलू नयेत.

त्वचेवर हलकी लाली दिसणे सुरुवातीला साहजिक आहे. टाचेच्या मागे गडद लाल डाग किंवा फोड आला, तर बहुधा बूट सैल असतो आणि पाऊल आत घासत असते. पट्टा सैल केल्याने हे वाढते, आणि लाल जागेवर तेल किंवा मलम लावल्यानेही त्वचा अधिकच नरम पडते. अशा वेळी उपचार करणाऱ्यांशी बोलावे. ब्रेस परस्पर बंद करू नये.

बहुतेक बाळे पहिले काही दिवस रडतात. हे रडणे दुखण्याचे क्वचितच असते. एक पाय एकटा हलवता येत नाही, ही अडचण त्यांना उमगलेली नसते. ती दूर करण्याचा उपाय खेळातच आहे. बाळासमोर बसून दांडी मधोमध धरावी आणि ती हळूच बाळाच्या पोटाकडे ढकलावी, मग आपल्याकडे ओढावी, म्हणजे दोन्ही गुडघे एकत्र वाकतात आणि एकत्र सरळ होतात. याला गाण्याची किंवा तालाची जोड द्यावी. काही दिवसांत बाळ स्वतः दोन्ही पाय एकदम झाडू लागते आणि त्याला दांडीवरही ताबा मिळाल्याचे समाधान मिळते. रडले की ब्रेस निघतो, हे मात्र बाळाला शिकवू नये. तान्ही बाळेही हे फार लवकर शिकतात. दांडीवर मऊ कापडाचे आवरण चढवावे, म्हणजे बाळाला, आईच्या मांडीला आणि घरातल्या लाकडी सामानाला मार बसत नाही.

ब्रेसमध्ये बाळ काय करू शकते, याची यादी पालकांना वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. पालथे पडता येते, कुशीवर वळता येते, पोटावर खेळता येते, आधाराने बसता येते, आणि दोन्ही हात पूर्ण मोकळे असतात. कुशीवर वळताना दांडी अडते, तेव्हा पालकांनी दांडीला फक्त किंचित आधार द्यावा; खांदे आणि कंबर वळवण्याचे काम बाळाला करू द्यावे. खेळणी एका बाजूला, हाताच्या थोडी पलीकडे ठेवली की बाळ शरीर वळवायला शिकते. पाच-सहा महिन्यांची बाळे एरवी स्वतःची पावले हातात धरून तोंडात घालतात. ब्रेसमध्ये ती दांडी पकडतात. स्वतःच्या शरीराची ओळख करून घेण्याची हीच रीत आहे, म्हणून दांडी स्वच्छ ठेवावी आणि त्यांना पकडू द्यावी.

दिवसाकाठी मिळणारा एक मोकळा तास आंघोळीतच संपवू नये. आंघोळीनंतर उघड्या पायांनी जमिनीवर, चादरीवर, गवतावर, आईच्या पोटावर पाय टेकवून ढकलण्याचा खेळ खेळावा. तळव्यांना इतके दिवस न मिळालेला अनुभव देण्याची ही वेळ आहे.

दिवस मोकळे झाल्यावर: बसणे, रांगणे, चालणे

पालकांची खरी धाकधूक इथे सुरू होते, कारण शेजारचे त्याच वयाचे मूल उभे राहू लागलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी मुले आधाराशिवाय साधारण चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बसतात आणि एकटी चालायला साधारण आठ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान लागतात. काही निरोगी मुले तर रांगतच नाहीत. इतकी मोठी तफावत सर्वच मुलांमध्ये असते. पॉन्सेटी पद्धतीने उपचार झालेली मुले सरासरीने एक-दोन महिने उशिरा चालतात, पण बहुतेक जण या नेहमीच्या मर्यादेतच चालू लागतात. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे, नाहीतर उगाच घाबरगुंडी होते.

जागेपणीचा बहुतेक वेळ जमिनीवर जावा. पाळणे, झोके, बसते ठेवणाऱ्या खुर्च्या यांचा वापर काम उरकण्यापुरता ठीक आहे, पण त्यांत शरीर स्वतः काही करत नाही. चाकांच्या वॉकरचा मोह विशेषतः टाळावा: त्यात मूल बोटांवर ढकलत पुढे जाते, म्हणजे जी टाच खाली आणण्यासाठी इतका खटाटोप केला तीच वर उचलते, आणि पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्याऐवजी मुलाच्या छातीइतक्या उंचीच्या भक्कम बाकावर खेळणी मांडावीत. मूल धरून उभे राहते, कडेने सरकते, खाली पडलेले खेळणे उचलण्यासाठी उकिडवे बसते आणि पुन्हा उठते. उकिडवे बसताना टाच जमिनीला टेकून घोटा पूर्ण वाकतो. हा ताण व्यायाम म्हणून करून घेण्यापेक्षा खेळातून दिवसभरात कितीतरी अधिक वेळा मिळतो. उतारावर चढणे, उशांवरून रांगणे, पायऱ्या धरून चढणे, वाळूत चालणे यांचाही असाच उपयोग होतो. घरात अनवाणी चालू द्यावे. बाहेर मऊ, वाकणाऱ्या तळाचे साधे बूट पुरतात. पाऊल सरळ झालेल्या मुलाला दिवसा खास बुटांची सहसा गरज नसते.

चालताना पाऊल किंचित आत वळते का, टाच टेकते का, याकडे लक्ष असावे, पण मुलाला सतत टोकू नये. टोकल्याने चाल सुधारत नाही, मुलाचा चालण्यातला उत्साह मात्र ओसरतो.

झोपेचा नेम आणि दोन वर्षांच्या मुलाचा हट्ट

दीड-दोन वर्षांचे मूल पट्टे स्वतः सोडायला शिकते आणि ‘नाही’ म्हणायलाही शिकते. दोन्ही गोष्टी निरोगी विकासाच्या खुणा आहेत, हे मनात ठेवले की चिडचिड कमी होते. यावर सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे रोज तोच क्रम: जेवण, दात घासणे, ब्रेस, गोष्ट, दिवा बंद. ब्रेस घालायचा की नाही हा प्रश्न मुलापुढे ठेवूच नये, पण लहान लहान निवडी द्याव्यात: आधी कोणता पाय, कोणते मोजे, पट्टा कोण लावणार. बाहुलीला किंवा मऊ प्राण्यालाही कापडी पट्टीचा ब्रेस घालता येतो. मुले तिला समजावतात आणि तसे करताना स्वतःचीही समजूत घालतात. ब्रेस शिक्षा म्हणून कधीही वापरू नये आणि ‘आता ब्रेस घालीन हं’ अशी धमकी चुकूनही देऊ नये.

रात्री मूल वारंवार उठत असेल, तर आधी कारण शोधावे: टाच वर आली आहे का, दांडी आखूड झाली आहे का, बूट लहान पडले आहेत का, पांघरुणात दांडी अडकते आहे का. झोपेचे खोबरे झालेल्या मुलाचे लक्ष, शिकणे आणि स्वभाव या सगळ्यांवर परिणाम होतो, म्हणून ही तक्रार किरकोळ समजू नये.

बोलणे, लक्ष आणि समज

क्लबफूटमुळे बुद्धी किंवा वाचा यांवर परिणाम होत नाही. तरीही काही अभ्यासांत असे दिसले आहे की, क्लबफूट असलेल्या काही मुलांमध्ये लक्ष टिकवणे, हालचालींचा समन्वय किंवा सामाजिक संवाद यांत अडचणी असू शकतात. बहुतेक मुलांमध्ये त्या नसतात. पण धोका असा की, असल्या तरी सगळ्यांचे डोळे पावलाकडे असल्याने त्या उशिरा लक्षात येतात, आणि ‘पायाचा त्रास होता ना, म्हणून मागे पडला असेल’ असे म्हणून मोकळे होता येते. या सबबीला जागा देऊ नये. बारा महिन्यांपर्यंत मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, बोट दाखवणे किंवा हात हलवून निरोप देणे यांसारख्या खुणा करत नसेल, दीड वर्षाचे होऊन एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडत नसेल, अठरा महिन्यांनंतरही चालत नसेल, किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट करेनासे झाले असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीपर्यंत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. श्रवणाची तपासणीही वेळेवर झाली आहे ना, हे पाहावे.

बाकी रोजच्या बोलण्याला पर्याय नाही. दवाखान्याच्या वाटेवर, रांगेत, प्लास्टर वाळण्याची वाट पाहताना मिळणारा वेळ फोनच्या पडद्यापुढे न घालवता गाण्यांना, चित्रांना आणि गप्पांना दिला, तर तो उपचाराचाच भाग ठरतो.

शाळा, खेळ आणि लोकांचे प्रश्न

एकाच पावलाला क्लबफूट असेल, तर ते पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे लहान आणि पोटरी बारीक राहते. व्यायामाने पोटरी मजबूत होते, पण जाडीतला फरक पूर्ण जात नाही. हे मुलाला आधीच, साध्या शब्दांत सांगितलेले असावे, म्हणजे कुणीतरी वर्गात दाखवून दिल्यावर त्याला ते पहिल्यांदा कळणार नाही. ‘माझे पाऊल जन्मतः वळलेले होते, प्लास्टर लावून सरळ केले, आता मी पळतो’ एवढे वाक्य चार वर्षांचे मूल सहज बोलू शकते. हे वाक्य घरी खेळात म्हणून घ्यावे. पालकांनी पाहुण्यांपुढे ‘बिचारा’ हा शब्द वापरला, तर मात्र मूल आपली ओळख त्याच शब्दाने करून घेते.

शिक्षकांना थोडक्यात माहिती द्यावी आणि मुलाला खेळातून वगळू नये असे स्पष्ट सांगावे. एका पायावर उभे राहणे आणि लंगडी घालणे या मुलांना अनेकदा जड जाते, लांब चालल्यावर पोटरी दुखू शकते. पण म्हणून बाकावर बसवण्याची गरज नसते. दमल्यावर थांबण्याची मुभा आणि पुन्हा खेळण्याची संधी पुरेशी असते. पोहणे, सायकल, नाच, चेंडूला लाथ मारणे यांतून तोल आणि ताकद दोन्ही वाढतात. 1992 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक जिंकणारी क्रिस्टी यामागुची आणि अमेरिकेच्या विश्वविजेत्या फुटबॉल संघातील मिया हॅम, दोघीही क्लबफूट घेऊन जन्मल्या होत्या. प्रत्येक मुलाने खेळाडू व्हावे असे नाही, परंतु ‘याला खेळ जमणार नाही’ हे कुणी आधीच ठरवू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

घरातली इतर माणसे

ब्रेसची जबाबदारी एकट्या आईवर पडली, तर ती काही महिन्यांत थकते आणि ब्रेसचे तास कमी होऊ लागतात, असा सर्वत्र अनुभव आहे. रात्रीचा ब्रेस वडिलांनी, दुपारचा आजीने असे काम वाटून घ्यावे. बाळंतपणानंतर आईला सतत रडू येणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे, झोप उडणे असे दोन आठवड्यांहून अधिक राहिले, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. बाळाच्या पावलाइतकीच ती निकडीची बाब आहे. मोठ्या भावंडाला ब्रेसचे मोजे आणून देण्यासारखे एखादे काम द्यावे, आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत ज्याचा वेळ गेला, त्या भावंडासाठी आठवड्यातून थोडा वेळ वेगळा काढावा.

पाऊल पुन्हा वळत असल्याच्या खुणा आणि पुढच्या भेटी

बूट वारंवार निसटू लागणे, टाच पूर्वीसारखी न टेकणे, बाहेरच्या कडेवर चालणे, उकिडवे बसता न येणे, चालताना पाऊल पुढे टाकतेवेळी आत वळणे या खुणा दिसल्या की लवकर दाखवावे. पुन्हा काही प्लास्टर घालून आणि ब्रेस नेमाने वापरून बहुतेक वेळा पाऊल पुन्हा सरळ करता येते. साधारण तीन वर्षांनंतर गरज पडल्यास घोट्यासमोरील एका स्नायूची कंडरा बाहेरच्या बाजूला हलवण्याची शस्त्रक्रिया करतात. मुलाला समजण्याच्या वयात हे उपचार पुन्हा घ्यावे लागले, तर काय होणार आहे ते आदल्या दिवशीच खरे खरे सांगावे. ‘काही नाही, फक्त बघायला जायचे आहे’ असे सांगून नेलेल्या मुलाचा विश्वास पुढच्या भेटीत परत मिळवणे फार कठीण असते.

ब्रेस सुटल्यानंतरही हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत दर एक-दोन वर्षांनी तपासणी करावी. प्रत्येक भेटीला जाताना वहीत दोन नोंदी ठेवाव्यात: पावलाबद्दलचे प्रश्न एका पानावर आणि मुलाच्या झोपेबद्दल, बोलण्याबद्दल, खेळाबद्दल, शाळेबद्दल काही विचारायचे असेल तर ते समोरच्या पानावर. डॉक्टरांसमोर दोन्ही पाने वाचून दाखवावीत आणि मूल बोलते झाल्यावर दुसऱ्या पानावर त्याचा स्वतःचा एक प्रश्न लिहून घ्यावा.